भिंतीवरचे पत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील माझे सहा महिने’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. तिकडचा बर्फ, तिकडची दुकाने, तिकडे मिळणारी भाजी असे काही ऐकावयास मिळेल म्हणून पुष्कळजणी आल्या असतील. ती हौस मी चहाच्या वेळी अवश्य पुरवीन. आज मात्र मला एक कबुली द्यावयाची आहे. ती याच जागेवरून दिली पाहिजे, कारण चूक मंडळाच्या कागदावर छापली गेली आहे आणि ती माझ्या हातून झाली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचा रौप्यमहोत्सव झाला. त्या वेळची स्मरणिका ज्यांनी जपून ठेवली असेल त्यांनी घरी गेल्यावर तिचे शेवटचे पान उघडून पाहावे. वेलबुट्टीच्या चौकटीत तेथे एक पत्र छापले आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले पत्र, असे त्यावर ठसठशीत अक्षरांत म्हटले आहे. वसंत बापटांनी ते इतक्या सुरेख मराठीत आणले, की महाराष्ट्रात ते ठाऊक नाही असे घर विरळाच. शाळांच्या भिंतींवर ते आहे, दवाखान्यांच्या बैठकीत आहे, निरोपसमारंभांत तर ते ठरलेलेच. स्मरणिकेसाठी ते मीच दिले होते, आणि दिले ते आमच्या घरच्या भिंतीवरून उतरवून.

आमच्या घरचे पत्र म्हणजे माझ्या यजमानांच्या हातचे. उभी हयात त्यांनी शाळेत मराठी आणि इतिहास शिकविला, म्हणून सारे गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि गावाबरोबर मीही. मास्तरांनी बोरूने, वळणदार अक्षरांत ते पत्र लिहून काढले, चौकटीत बसविले आणि ओटीवर लावले. दर वर्षी दहावीच्या मुलांना निरोप देताना ते हे पत्र वाचून दाखवीत. वाचता वाचता त्यांचा आवाज जड होई. मास्तर गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. चौकट जेथल्या तेथे आहे. रोज सकाळी देवांच्या तसबिरींनंतर मी तिच्यावरून फडके फिरविते. एवढे सांगितले म्हणजे पुढे जे झाले ते माझ्या जिवाला किती लागले असेल ते आपणांस कळेल.

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी शिकागोजवळ गेले होते. थोरली नात दहा वर्षांची, पाचव्या इयत्तेत. फेब्रुवारीत तिच्या शाळेने एक प्रकल्प दिला. प्रत्येकाने एक होऊन गेलेला राष्ट्राध्यक्ष निवडावयाचा आणि त्याचा वारसा शोधून काढावयाचा. चरित्र लिहावयाचे नाही. तो माणूस गेल्यावर मागे काय उरले ते सांगावयाचे. ते राज्य इलिनॉय, म्हणजे लिंकनचे. गाड्यांच्या पाट्यांवरसुद्धा तेथे लिंकनचे नाव असते. नातीने लिंकन घेतला यात नवल नाही.

त्या प्रकल्पाची एक रीत मला फार आवडली. बाईंनी मुलांना कागदावर दोन रकाने आखावयास सांगितले होते. डावीकडे लिहावयाचे ‘काय कळले’, आणि त्याच्यासमोर उजवीकडे लिहावयाचे ‘कसे कळले’. उजवा रकाना रिकामा राहिला तर डावीकडचे वाक्य खोडावयाचे. मला वाटले, आपल्याकडे संध्याकाळी कट्ट्यावर बसताना हे दोन रकाने आखले तर निम्म्या गोष्टी आपोआप खोडल्या जातील!

नातीला मी मोठ्या तोऱ्याने म्हटले, “अगं, लिंकनला मी तुझ्या आईच्या जन्मापासून ओळखते. त्याचे पत्र आपल्या ओटीवर लावले आहे.” तिला हर्ष झाला. मी ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखविले, तिने इंग्रजीत लिहून घेतले आणि डावा रकाना भरला. मग पेन्सिल उजवीकडे नेऊन ती म्हणाली, “आजी, हे तुला कसे कळले?”

मी म्हटले, “भिंतीवर आहे म्हणून.”

“भिंतीवर कुणी लावले?”

“तुझ्या आजोबांनी.”

“त्यांना कसे कळले?”

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावच्या वाचनालयात गेलो. लिंकनने लिहिलेले व बोललेले जे जे उपलब्ध झाले ते एकत्र करून १९५३ साली आठ खंडांत छापलेले आहे, आणि पुढे १९५५ मध्ये त्याची सूची निघाली. दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा त्यात आहेत. आमच्या मुख्याध्यापकांचे पत्र मात्र नाही. नातीने सूची पुन्हा पुन्हा पाहिली. मीही चष्मा पुसून पाहिली. मला वाटले, सापडावयाचे राहिले असेल. लिंकनचा थोरला मुलगा रॉबर्ट याच्याकडे बापाचे कागदपत्र होते. त्याने ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिले, परंतु आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते उघडू नयेत अशी अट घातली. ती पेटी १९४७ साली उघडली. तीतही हे पत्र निघाले नाही.

तरी माझे मन ऐकेना. मार्चमध्ये जावयांनी गाडी काढली आणि आम्हाला स्प्रिंगफील्डला नेले. शिकागोपासून हे गाव सुमारे दोनशे मैल. राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी लिंकन तेथे वकिली करी. आठव्या रस्त्याच्या आणि जॅक्सन रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचे घर आहे. आयुष्यात त्याच्या मालकीचे झालेले घर हे एवढेच. १८४४ साली त्याने ते घेतले आणि १८६१ च्या फेब्रुवारीत तेथून वॉशिंग्टनला निघाला तो जिवंत परतला नाही. स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. चार मुलगे या घरात खेळले. एडी चौथे वर्ष पुरे होण्याच्या आत याच गावी गेला, विली १८६२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात तापाने गेला, धाकटा टॅड अठराव्या वर्षी गेला. आईच्या डोळ्यांदेखत चारांतील तीन!

त्याच गावी लिंकनच्या नावाचे मोठे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. तेथील माहितगार बाईंना नातीने धीटपणे विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, की हे पत्र लिंकनच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या काळच्या कोणत्याही कागदात आढळलेले नाही, आणि लिंकनचा अभ्यास केलेले लोक ते त्याचे मानीत नाहीत. शिवाय, लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा रॉबर्ट हार्वर्डच्या कॉलेजात होता, आणि विली व टॅड यांना शिकविण्यासाठी घरी शिक्षक येत. मुख्याध्यापकांना लिहावे तर ते कोणत्या मुलासाठी, हाही प्रश्नच.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. घरी आल्यावर नात डाव्या रकान्यातले वाक्य खोडावयास निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. मी म्हटले, “खोडू नकोस. नुसते वगळ. कुणाला सांगूही नकोस. पत्र चांगले आहे ना? त्याने मुलांचे भलेच झाले. मग ते कुणाचे, याच्याशी आपल्याला काय करावयाचे?” माझ्या डोळ्यांसमोर लिंकन नव्हता, हे मी आपणांपासून लपवीत नाही. डोळ्यांसमोर मास्तर होते, आणि त्यांचा जड झालेला आवाज. तीस वर्षे त्यांनी मुलांना जे वाचून दाखविले ते खरे नव्हते, हे माझ्या नातीच्या हातून लिहिले जावे हे मला सोसवेना.

पोर थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आजी, तूच मला गोष्ट सांगितली होतीस. आजोबांनी वर्गात पानिपतचे साल चुकीचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फळ्यावर लिहून वर खोडले, आणि मुलांना म्हणाले, मास्तर चुकले. मग हे कळले असते तर त्यांनी काय केले असते?”

मी तिचा हात सोडला. तिने वाक्य खोडले. त्याच्यावर नेमकी एक रेघ ओढली, खालचे वाचता यावे अशी.

आता आपण म्हणाल, की मग लिंकनच्या हातचे म्हणून उरले काय? पुष्कळ उरले. खोट्याची अडगळ निघाली तेव्हा खरे दिसू लागले.

पहिले सापडले ते एक पत्रच, आणि तेही एका विद्यार्थ्याला लिहिलेले. स्प्रिंगफील्डचा जॉर्ज लॅथम हा रॉबर्टचा मित्र. १८६० साली तो हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. त्या वेळी लिंकन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता. सारा देश त्याच्या दारी लोटला होता. अशा गर्दीत, २२ जुलै रोजी, त्याने या परक्या मुलाला पत्र लिहिले. तुझी बातमी कळून मला फार क्लेश झाले, पण तू धीर सोडलास नाही तर यात बिघडलेले काहीच नाही. तेथील प्रमुख भला माणूस असेल, त्याला जाऊन भेट, अडचण काय ती विचार. आज सहज आत गेलेल्या पुष्कळांपेक्षा तू पुढे सरस ठरणार नाहीस असे या नापाशीवरून मुळीच सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय आहे. आणि यातली गंमत अशी, की आदल्या वर्षी लिंकनचा स्वतःचा मुलगा याच परीक्षेत सपशेल आपटला होता! बापाने स्वतः सोसलेले असल्यामुळे त्याला दुसऱ्याच्या मुलाशी कसे बोलावे ते ठाऊक होते. दर वर्षी निकालाच्या दिवशी आपल्या आळीत एखाद्या घराचे दार बंद राहते. त्या दारातून आत सरकविण्यासारखे हे पत्र आहे.

ज्याला एकंदर शाळा वर्षभराचीसुद्धा लाभली नाही त्याने हे लिहिले, हेही लक्षात घ्यावे. लिंकन १८०९ साली केंटकीत लाकडी ओंडक्यांच्या खोपटात जन्मला. नऊ वर्षांचा असताना आई गेली. विषारी रानपाला खाल्लेल्या गाईचे दूध पोटात जाऊन त्या भागात माणसे मरत, त्यातलाच तो रोग. वर्षभराने बापाने दुसरे लग्न केले. ही सावत्र आई, सेरा तिचे नाव, स्वतः निरक्षर, सहीच्या जागी खूण करणारी. पण येताना तिने पुस्तके आणली, आणि मुलगा वाचीत बसला की त्याला कुणी उठवू नये असे पाहिले. राष्ट्राध्यक्ष म्हणून निघण्यापूर्वी, १८६१ च्या जानेवारीअखेर, लिंकन थंडीवाऱ्यातून तिला भेटून आला. सावत्र आईला आपण कथाकीर्तनांतून फार छळले आहे. या एका बाईची आठवण आपल्यासारख्या मंडळात तरी व्हावी.

दुसरे पत्र २३ डिसेंबर १८६२ चे. उत्तर आणि दक्षिण यांच्यातील लढाई ऐन भरात होती. फॅनी मॅकलो नावाच्या मुलीचा बाप त्या लढाईत पडला. तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. लिंकन तिच्या बापाला ओळखत होता. त्याचा विली जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. त्याने तिला लिहिले, की दुःख सर्वांच्याच वाट्याला येते, पण लहानांना ते अधिक झोंबते, कारण ते त्यांना अवचित गाठते. आज तुला पटणार नाही, परंतु तू पुन्हा सुखी होशील, आणि बापाची आठवण तुला पुढे जाळणार नाही, तिच्यात एक पवित्र गोडवा येईल. मास्तर गेले तेव्हा मला कुणी असे लिहिले नाही. ते पत्र नातीने वाचून दाखविले आणि मी पदर डोळ्यांना लावला.

आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, २६ डिसेंबर १८६२ रोजी, मिनेसोटा राज्यातील मँकेटो या गावी डकोटा जमातीच्या अडतीस माणसांना एकाच मंचावर एकाच वेळी फाशी दिली गेली. हीही लिंकनच्या सहीनेच. डकोटा हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. जमिनी गेलेल्या, ठरलेले पैसे वेळेवर येईनात, पोरे उपाशी. त्यांतून उठाव झाला आणि शेकडो गोरे वसाहतवाले मारले गेले. लष्कराने घाईघाईचे खटले चालविले, काही तर चार-दोन मिनिटांचे, आणि तीनशे तीन जणांना फाशी फर्माविली. लिंकनने ती सर्व प्रकरणे मागवून पाहिली, आणि बहुतेकांची फाशी रोखली. त्या भागातील लोक त्यामुळे त्याच्यावर संतापले. पण एकोणचाळीस नावे त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिली. पैकी एकाची फाशी शेवटी टळली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी इतक्या माणसांना सरकारने फाशी दिल्याचे दुसरे उदाहरण नाही.

नात आता लिंकनच्या प्रेमात पडली होती. ती म्हणाली, “आजी, हे नको लावूया. ज्याने फॅनीला पत्र लिहिले तोच हा, असे वाटत नाही.” तिचे डोळे भरून आले होते. आणि आता माझी पाळी होती. मी विचारले, “उजवा रकाना भरला आहे का?” ती म्हणाली, “हो.” मी म्हटले, “मग लाव. फॅनीच्या पत्राच्या शेजारीच लाव.”

गुलामांच्या मुक्ततेची गोष्टही आम्हाला वाटली तितकी सरळ निघाली नाही. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला हे आपण शाळेत शिकलो. परंतु तो जाहीरनामा बंड केलेल्या प्रदेशांपुरता होता. जी चार गुलामधारी राज्ये लिंकनच्याच बाजूस राहिली तेथल्या गुलामांना तो लागू नव्हता. १८५८ सालच्या एका निवडणुकीच्या सभेत तर त्याने काळ्या-गोऱ्यांच्या समतेला आपण अनुकूल नाही असे सांगितले होते. तथापि माणूस तेथेच थांबला नाही. साऱ्या देशातून गुलामगिरी कायमची नाहीशी व्हावी म्हणून घटनेतच तेरावी दुरुस्ती व्हावी यासाठी त्याने जिवाचे रान केले. १८६५ च्या जानेवारीत ती लोकसभेत मंजूर झाली. एप्रिलमध्ये लिंकनला नाटकगृहात गोळी घातली गेली, आणि राज्यांची संमती मिळून ती दुरुस्ती अमलात आली डिसेंबरात. सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम म्हणून मोजली जात, ती सुटली. लढाईत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. हे सारे एका तक्त्यावर मांडताना पोरीची दोन दिवस झोप उडाली होती.

पण मला सर्वांत जे भिडले ते लिंकन गेल्यानंतरचे. व्हर्जिनियात गुलाम असलेल्या शार्लट स्कॉट नावाच्या बाईने तो मारला गेल्याचे ऐकले आणि मुक्त झाल्यावर स्वतः कमावलेले पहिले पाच डॉलर त्याच्या स्मारकासाठी काढून दिले. मग सुटलेल्या गुलामांनी आपापली पुंजी घातली, आणि १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनला पुतळा उभा राहिला. त्या दिवशीचे वक्ते फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले आणि लिंकनला भेटलेले. समोर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बसले होते. अशा वेळी आपण काय बोलतो? ‘थोर पुरुष होते, आमचे तारणहार होते.’ डग्लस तसे बोलले नाहीत. त्यांनी सांगितले, की लिंकन हा आधी गोऱ्यांचा अध्यक्ष होता, आम्ही त्याची सावत्र मुले होतो. आम्हाला तो फार सावकाश चालणारा वाटला. परंतु त्याच्या देशाच्या मापाने मोजले तर तो जलद चालला, आणि त्याच्याच कारकीर्दीत आमच्या बेड्या तुटल्या. कृतज्ञता पुरी, आणि खोटे एक अक्षर नाही. भगिनींनो, पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहून असे बोलावयास छाती लागते.

आपल्या महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध आहे, तोही मास्तरांच्या जुन्या शिकवणीमुळे मला आठवला. अमेरिकेत लढाई पेटली आणि १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भाव कडाडले आणि इकडचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, शेअरांचे वेड लागले. १८६५ मध्ये लढाई संपताच सारे कोसळले आणि कित्येकांची घरे बुडाली. त्या तेजीतले धनिक प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा आहे. राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव. आणि याहून मोलाची गोष्ट म्हणजे, १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना ते अर्पण केले. एका अध्यक्षाला नव्हे, लोकांना. नातीला हे फार आवडले. ‘आजीने सांगितले’ एवढ्यावर मात्र तिचा उजवा रकाना भरेना; पुस्तक काढून दाखवावे लागले.

जावई एका बाजूला बसून हे सारे ऐकत होते. ते म्हणाले, “मीही वारशातलाच आहे की!” ते शिकले अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठात. १८६२ साली, लढाई चालू असतानाच, लिंकनने एका कायद्यावर सही केली. राज्यांना सरकारी जमीन मिळावी, तिच्या उत्पन्नातून शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांना शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे निघावीत, असा तो कायदा. १८६७ साली निघालेले अर्बानाचे विद्यापीठ त्यातलेच. रवींद्रनाथ टागोरांनी आपल्या मुलाला १९०६ मध्ये शेती शिकावयास तेथेच धाडले. पण नातीने येथेही विचारले, “ती जमीन सरकारला कुठून मिळाली?” आणि त्याचे उत्तर पुष्कळ ठिकाणी डकोटांसारख्या मूळ लोकांपाशीच जाऊन पोहोचते. तेही तक्त्यावर लागले.

शाळेत प्रकल्प मांडण्याच्या दिवशी मी गेले होते. इतर मुलांच्या तक्त्यांवर झेंडे होते, चित्रे होती. आमच्या तक्त्यावर डावीकडे एक खोडलेले वाक्य होते. एका गृहस्थांनी विचारले, हे खोडलेले कशाला ठेवले? नात म्हणाली, “माझ्या आजीच्या घरी हे खरे मानत होते. आम्ही शोधले.” आणि तिने माझ्याकडे बोट दाखविले. मला त्या वेळी लाज वाटेल असे वाटले होते. वाटली नाही.

आता माझे काम उरले. परत आल्यावर मी ओटीवरची चौकट उतरविली. पुष्कळ वेळ मांडीवर घेऊन बसले. फेकून द्यावी असे मनात आले नाही, आणि तशीच पुन्हा टांगावी असेही आले नाही. त्यातल्या शिकवणुकीने कित्येक मुलांना बळ दिले, ते बळ काही खोटे नव्हते. मास्तरांचे अक्षर खोटे नव्हते. खोटे होते ते तळचे एक नाव. मी पांढऱ्या कागदाची चिठ्ठी कापली, तिच्यावर लिहिले, ‘मूळ लेखक अज्ञात. मराठी अनुवाद वसंत बापट. हे पत्र लिंकनचे असल्याचा पुरावा नाही’, आणि ती त्या नावाखाली चिकटविली. नाव झाकले नाही. मास्तरांनी फळ्यावर तसेच केले होते. शेजारी जॉर्ज लॅथमला लिहिलेले पत्र माझ्या वेड्यावाकड्या मराठीत लिहून लावले आहे. अक्षर मास्तरांसारखे नाही. कुणीही येऊन वाचावे.

मंडळाला माझी विनंती एवढीच. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या एखाद्या कोपऱ्यात रौप्यमहोत्सवी अंकातील चुकीची दुरुस्ती छापावी आणि खाली माझे नाव घालावे. कार्यकारिणीतील एक-दोघी भगिनी मला म्हणाल्या, “एवढ्या आनंदाच्या दिवशी हे कशाला? पंचवीस वर्षांत कुणाच्या लक्षात तरी आले का?” त्यांचे म्हणणे मी समजू शकते; मीही नातीचा हात धरला होताच. पण आपल्या मंडळाच्या बालवाडीत जी मुले येतात ती उद्या आपल्या स्मरणिका चाळतील, आणि त्यांतले कुणीतरी विचारील, “हे तुम्हाला कसे कळले?” तेव्हा पुढच्या पानावर उत्तर असलेले बरे.

मी काही विदुषी नव्हे. बोलण्यात अधिकउणे झाले असल्यास आपण सांभाळून घ्यावे. आणि खरोखरच काही चुकले असेल तर मात्र सांभाळून घेऊ नये, येऊन सांगावे.